गॅलरीतल्या झाडांचा पंप बंद होतो, तरी पाणी थांबत नाही. मदत हवी आहे, जरा लवकर

कोथरूडकर_४था_मजला: शनिवारी गावाला निघायचंय. नोडएमसीयू (वायफायचा छोटा कंट्रोलर बोर्ड), एक रिले (विजेवर चालणारा स्विच), १२ व्होल्टचा छोटा बुडवायचा पंप, सहा कुंड्या. सकाळी ७ ला ४० सेकंद पाणी, बस. पण ४० सेकंदांनंतरही पाणी येतच राहतं. खालच्या काकू तक्रार करून गेल्या. कोड बरोबर आहे, तो विचारू नका. रिले बदलू का?

सोल्डरमास्तर: थांबा. रिलेचं मॉड्यूल ५ व्होल्टचं, अ‍ॅक्टिव्ह लो (पिन लो झाली की चालू होणारं) आहे ना? नोडएमसीयूची पिन हाय म्हणजे ३.३ व्होल्टच. मॉड्यूलवरच्या ऑप्टोकप्लरमधून (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) थोडा करंट वाहत राहतो आणि रिले सुटत नाही. जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलला वीज देणारी पिन) जंपर काढा, तिथे ५ द्या आणि व्हीसीसीला ३.३.

तापकीर_गल्ली_फॅन: रिले हवीच कशाला? आयआरएलझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), गेटला १०के पुलडाउन रेझिस्टर, पंपाला उलटा १एन४००७ डायोड. आयआरएफ५२०चं तयार मॉड्यूल मात्र गळ्यात मारून घेऊ नका, ३.३ व्होल्टवर ते पूर्ण उघडत नाही, नुसतं तापतं.

हिरवा_कोपरा: मुळात टायमरवर पाणी घालणंच चूक. मातीत ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर लावा. दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला की काटे गंजून जातात.

सोल्डरमास्तर: प्रश्न काय, उत्तर काय!

नळजोडणी: पाणी वाहत असताना पंपाचा आवाज येतो? रिलेचा दिवा लागलेला असतो? आणि पाणी कशात आहे, ते ठेवलंय कुठे?

कोथरूडकर_४था_मजला: आवाज बंद, दिवा बंद. ५० लिटरचं पिंप आहे, लोखंडी स्टुलावर. कुंड्या खाली फरशीवर. त्याचा काय संबंध?

नळजोडणी: सगळा संबंध तोच. सायफन झालाय. पाइप एकदा भरला आणि त्याचं तोंड पिंपातल्या पाण्याच्या खाली असलं, की पंप थांबला तरी पाणी आपोआप ओढलं जातं. असे छोटे पंप बंद असताना वाट अडवत नाहीत. रिलेला हात लावू नका.

तापकीर_गल्ली_फॅन: मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, विषय संपला.

नळजोडणी: तो उलटं जाणारं पाणी अडवतो. इथे पाणी सुलटच चाललंय.

तापकीर_गल्ली_फॅन: बरं, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह)?

नळजोडणी: बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या अर्धा इंची सोलेनॉइडला उघडायला साधारण ०.०२ एमपीए दाब लागतो, म्हणजे दोन मीटर उंचीचं पाणी. स्टुलावरून त्याच्या निम्माही मिळत नाही आणि एवढासा पंप त्यात फार भर घालणार नाही. फुकटचा उपाय आहे: पाइप पिंपाच्या काठावर वळतो तिथे, पिंपाच्या आतल्या बाजूला, भरलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर २-३ मिमीचं भोक पाडा, तोंड खाली. पंप चालू असताना चिळकांडी उडेल, ती पिंपातच पडेल. पंप थांबला की हवा शिरते आणि धार तुटते. सुईएवढं भोक नको, शेवाळ्याने बुजतं.

हिरवा_कोपरा: पिंपाला झाकण आहे ना? साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात.

कोथरूडकर_४था_मजला: भोक पाडलं, थांबलं! आता पहिल्या कुंडीत पूर आणि शेवटची कोरडी. ताशी ४ लिटरचे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) लावू?

नळजोडणी: लावा, आणि पाइपचं शेवटचं टोक सुरुवातीला जोडून रिंग करा म्हणजे दाब सारखा पोचेल. पण ४० सेकंद विसरा. ताशी ४ लिटर म्हणजे ४० सेकंदांत जेमतेम ४५ मिली, तेही १ बार दाबावर. तुमच्या पंपावर त्याहून कमी. कुंडीला अर्धा लिटर हवं तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि एका ड्रिपरखाली बाटली धरून मोजा. रोजचे ३ लिटर झाले तर पिंप पंधरा दिवस पुरेल. पंप कोरडा चालला की जळतो, तेव्हा त्याआधी परत या.

हिरवा_कोपरा: त्यात तुळस आहे का? रोज अर्धा लिटर घातलंत तर मुळं कुजतील.