ए मायनरमध्ये ई मेजर कुठून आली?
वर विचारलंय की ए मायनर स्केलचे सूर सी मेजरचेच, मग गाण्यात मधेच ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) कशी, कॉर्ड लिहिलेली शीट चुकलीय का. नाही हो, शीट बरोबर आहे. त्या सुरांतून ई वर कॉर्ड बांधली की ई-जी-बी, म्हणजे ई मायनर मिळते, पण तिच्यावरून ए मायनरवर यायला जोर येत नाही, म्हणून जी चा जी शार्प करतात आणि ई मायनरची ई मेजर होते; जी शार्प म्हणजे जी आणि ए मधली काळी पट्टी, ती ए ला इतकी चिकटून की कान लगेच ए मागतो. पेटीवर ए चा सा धरून ग आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध घ्या, झाला की कीरवाणी राग, हार्मोनिक मायनर म्हणतात ते हेच. म्हणून जी कॉर्ड बाद नाही बरं का, एकाच गाण्यात जी आणि ई मेजर दोन्ही बिनधास्त येतात. ई सेव्हन, म्हणजे ई मेजरमध्ये डी मिळवून, पण वाजवून बघा, ए कडे अजून ओढते.