अर्धशिशी आणि पीएफओ : छिद्र बुजवल्याने डोकेदुखी थांबते का?

प्रश्न

माझे वय ३४ असून मला बऱ्याच वर्षांपासून अर्धशिशी आहे. डोके दुखण्याआधी नजरेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ उमटते, ती वीसेक मिनिटांत पसरत जाते आणि वाचत असलेल्या ओळीतली मधलीच अक्षरे दिसेनाशी होतात. अलीकडे छातीत धडधडते म्हणून केलेल्या तपासणीत पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात राहिलेले छिद्र) निघाला. छिद्र बुजवले की डोकेदुखीही जाईल, असे एका परिचितांनी ठामपणे सांगितले. यात तथ्य किती?

प्रतिसाद १

प्रथम ‘छिद्र’ हा शब्द बाजूला ठेवा, कारण तो उगाच धडकी भरवतो. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसल्याने रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून थेट डाव्या कप्प्यात जाण्यासाठी मधल्या पडद्यात वाट असते. जन्मानंतर डावीकडचा दाब वाढून तिथली झडप मिटते आणि पुढे चिकटून जाते. सुमारे चौघांपैकी एकाची मात्र ती पूर्ण चिकटत नाही. खोकताना किंवा कुंथताना ती क्षणभर उघडते, आणि फुप्फुसांत गाळले जायला हवे होते ते थोडे रक्त, त्यातल्या बारीक गुठळ्या आणि काही रासायनिक द्रव्यांसह, थेट मेंदूकडे जाऊ शकते. तुमच्यासारखी ‘ऑरा’ (डोके दुखण्याआधी दिसणारी चमचमती रेघ वगैरे लक्षणे) असलेली अर्धशिशी ज्यांना असते, त्यांच्यात पीएफओ अधिक आढळतो हे खरे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही.

प्रतिसाद २

परिचितांचा ठामपणा चाचण्यांच्या निकालांत दिसत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट’ या ब्रिटिश चाचणीत १४७ रुग्ण होते. काहींचा पीएफओ बंद केला, तर काहींच्या जांघेत केवळ चीर देऊन उपचाराचा आभास निर्माण केला. डोकेदुखी पूर्ण थांबलेले रुग्ण दोन्ही गटांत प्रत्येकी तीनच निघाले. २०१७ च्या ‘प्रीमियम’ चाचणीतही झटके निम्म्यावर आणण्याचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही. मात्र त्यात बंद केलेल्यांपैकी ८.५ टक्के रुग्णांचे झटके पूर्ण थांबले, दुसऱ्या गटात हे प्रमाण १ टक्का होते. आशा टिकून आहे ती या आकड्यावर. माझ्या मते तेवढ्यावर हृदयात उपकरण बसवून घेऊ नये, कारण त्यानंतर काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात.

प्रश्नकर्ती

धन्यवाद. मग पीएफओ तसाच सोडून द्यायचा का? पक्षाघाताची भीती वाटते.

प्रतिसाद ३

माझी बबल टेस्ट, म्हणजे शिरेत बारीक बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी, झाली आहे. दोन सिरिंजमधून सलाईन घुसळून शिरेत सोडले, कुंथायला सांगितले आणि पडद्यावर उजवीकडचे पांढरे ठिपके दोन-तीन ठोक्यांत डावीकडे उतरताना दिसले. पाहून हबकलो, पण कारण न सापडलेला पक्षाघात होऊन गेलेला नसल्यामुळे माझा पीएफओ बंद केला नाही. तसा पक्षाघात साठीच्या आत झालेल्या निवडक रुग्णांना बंद करण्याचा फायदा होतो, हे २०१७ च्या चाचण्यांनी दाखवले आहे. तुमच्या बाबतीत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच : ऑरा असताना धूम्रपान आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पक्षाघाताचा धोका वाढवतात, तेव्हा अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. छातीतल्या धडधडीचे कारणही वेगळे शोधायला हवे. ती पीएफओमुळेच होते असे गृहीत धरू नका.