मदत हवी आहे: जुना लाकडी फील्ड कॅमेरा घेतेय, दोनपैकी कोणता?

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

१२० रोल फिल्मवर कृष्णधवल काम गेली काही वर्षं चालू आहे, डेव्हलपिंगही घरीच करते. आता शीट फिल्मकडे (एकेक सुटा तुकडा) वळायचंय. विषय म्हणजे जुन्या दगडी इमारती आणि मोठी झाडं. कॅमेरा वर न रोखता इमारतीचा माथा चौकटीत यावा, खांब आत झुकू नयेत, हे मुख्य. म्हणजे फ्रंट राइज (लेन्सची चौकट वर सरकवणं) हवाच, टिल्ट (ती पुढेमागे कलवणं) असला तर उत्तम. मोनोरेल (एका दांडीवर बसवलेला अवजड कॅमेरा) पाठीवर घेऊन हिंडणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून घडीचा लाकडी कॅमेरा शोधतेय.

दोन समोर आलेत.

पहिला थॉर्नटन-पिकार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचा हाफ प्लेट (काचेच्या प्लेटचं एक जुनं माप). महोगनी, पितळी पट्ट्या, मरून बेलोज (मधला घड्यांचा भाता), अख्ख्या लाकडाला ताजं पॉलिश. सोबत पितळी लेन्स, तिच्यापुढे बसणारं रोलर ब्लाइंड शटर आणि पुस्तकासारखा उघडणारा एकच लाकडी प्लेट होल्डर. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार 'सगळं चालू'.

दुसरा ताचिहारा या जपानी कंपनीचा ४×५ (इंचांच्या शीट फिल्मचा), चेरीच्या लाकडाचा. बेलोजच्या दोन कोपऱ्यांवर काळी पट्टी चिकटवलेली, ग्राउंड ग्लासच्या (मागची खरखरीत काच, जिच्यावर फोकस बघतात) एका कोपऱ्याचा तुकडा गेलेला, पितळेवर डाग. लेन्स नाही. रिकामा लिनहॉफ पद्धतीचा लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी) आणि तीन फिल्म होल्डर आहेत.

पहिला इतका देखणा आहे की फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. दुसरा कामाचा वाटतो, पण ती पट्टी आणि तो टवका खटकतो. दोघांकडून नेमके कोणते फोटो मागवू? आणि हाफ प्लेट घेतला तर फिल्मचं काय?
– पायवाट

भिंगवाला:
ताई, लाकूड आणि पितळ नंतर. आधी मागची बाजू बघा. जुन्या ब्रिटिश हाफ प्लेट कॅमेऱ्यांचे होल्डर त्या त्या कॅमेऱ्याला घासून बसवलेले असायचे. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा होल्डर तुमच्याकडे बसेल याची खात्री नाही. तुमच्याकडे एकच, म्हणजे दोन्ही बाजू धरून दोन फोटो, की परत अंधाऱ्या खोलीत. शिवाय तो काचेच्या प्लेटसाठी केलेला आहे. फिल्म काचेपेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे पत्र्याचे फिल्म शीथ (फिल्म धरून प्लेटच्या जागी बसणाऱ्या चौकटी) लागतात. ते सोबत आहेत का, हे विचारलंत?

४×५ ला ही कटकट नाही. होल्डरची मापं ठरलेली आहेत, फिल्म बसते ती खोली साधारण ५ मिमी. कुठल्याही कंपनीचा होल्डर जवळपास कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात जातो. आणखी दहा होल्डर जुन्या बाजारातून गोळा करता येतात.

फिल्मचं म्हणाल तर हाफ प्लेट म्हणजे ४.७५ × ६.५ इंच. इल्फर्ड वर्षातून एकदा अशा आडमापांची ऑर्डर घेतं. एरवी ८×१० ची शीट अंधारात कापायची, एकीतून दोन तुकडे निघतात. मिट्ट अंधारात पातं चालवायची हौस असेल तर बघा.

पायवाट:
शीथबद्दल विचारलं. त्यांना ते काय असतं हेच माहीत नाही. :( कागदी निगेटिव्ह काढल्या तर?

भिंगवाला:
ते मात्र छान जमेल. डार्करूमचा ब्रोमाइड पेपर लाल दिव्यात कापा, आयएसओ ३ ते ६ धरा. भर उन्हात एफ/४५ ला दोनेक सेकंदांचं एक्स्पोजर येतं, म्हणजे शटरचीही गरज नाही, लेन्सची टोपी काढायची आणि लावायची. जाडीसाठी मागे पुठ्ठा लावायचा. पण पेपरला जवळपास फक्त निळा प्रकाश दिसतो. आकाश पांढरं फटक येणार आणि झाडांची पानं काळपट. तुमचा विषय झाडं असताना हे चालणार आहे का, ते तुम्हीच ठरवा.

सुताराचा_नातू:
पॉलिशबद्दल बोलतो. जुन्या कॅमेऱ्यावर ताजं पॉलिश दिसलं की मी आधी सरकणाऱ्या पट्ट्यांचा फोटो मागवतो. पॉलिश खाचांत उतरलं की पट्ट्या अडकतात, आणि मग कोणीतरी जोर लावून दात्यांची पट्टी ढिली करतं. स्क्रूच्या भोकापासून लाकडाच्या रेषेत गेलेली बारीक चीर पॉलिशखाली सहज लपते. डाग पडलेलं पितळ मला चालतं, निदान कोणी हात लावलेला नसतो.

प्रत्यक्ष बघायला मिळालं तर सगळे मूव्हमेंट (राइज, टिल्ट वगैरे) शून्यावर आणा, पुढची आणि मागची चौकट यांमधलं अंतर डावीकडे, उजवीकडे, वर, खाली मोजा. चारही सारखी यायला हवीत. मग नॉब घट्ट करून पुढच्या चौकटीला बोटाने ढकलून बघा. थोडी हलते ती सगळ्यांचीच, पण बोट काढल्यावर जागेवर परत आली पाहिजे. ढिला स्क्रू ही काळजीची गोष्ट नाही. भोकात सरस लावलेली लाकडाची काडी ठोकून परत पिळला की काम झालं.

अंधारातला_दिवा:
बेलोजची चाचणी दोन्ही विकणाऱ्यांना करायला लावा. खोलीत पूर्ण अंधार, बेलोज शेवटपर्यंत ताणलेला, आत छोटी टॉर्च, आणि घड्यांच्या कोपऱ्यांवरून सावकाश फिरवलेला व्हिडिओ. पुढची चौकट वर उचलूनही एकदा. सपाट बाजूंना सहसा काही होत नाही, भोकं कोपऱ्यांतच पडतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्यायला सांगा, नाहीतर 'काही दिसत नाही हो' एवढंच उत्तर येईल.

बेलोजवरच्या चिकटपट्टीला घाबरू नका. दोनचार भोकं काळ्या लवचीक रंगाने बुजतात. चामडं घडीवर करकरत असेल, भुगा पडत असेल, तर मात्र नवा बेलोज करून घ्यावा लागेल. तो मिळतो, फक्त दोन्ही टोकांच्या चौकटींची मापं आणि जास्तीत जास्त ताण नीट कळवावा लागतो.

तो टवकाही बघा नीट. कडा सरळ रेषेत कापलेली असेल तर तो टवका नाहीच. बऱ्याच ग्राउंड ग्लासचे कोपरे मुद्दाम छाटलेले असतात. घडी घालताना हवा बाहेर जाते, आणि त्या फटीतून लेन्सकडे बघून अॅपर्चर पूर्ण दिसतंय का, म्हणजे कोपरा काळा पडणार का, ते कळतं.

खरी भीती आहे ती कोणीतरी काच बदलून उलटी बसवण्याची, किंवा काच आणि लेन्स यांच्यामध्ये हौसेने फ्रेनेल (चित्र उजळ दाखवणारं पातळ, खाचांचं भिंग) सरकवण्याची. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. होल्डरमध्ये वाया गेलेली शीट घालून फिल्मपर्यंतची खोली मोजा, मग काचेच्या खरखरीत बाजूपर्यंतची. दोन्ही जुळल्या पाहिजेत. फरक असला तरी एफ/२२ ला तो झाकला जातो. म्हणून चाचणीचा पहिला फोटो अॅपर्चर पूर्ण उघडून, तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीचा काढा.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला. पट्टीखाली काही नाही, तिसऱ्याच एका कोपऱ्यात दोन ठिपके चमकतात. काचेची कडा एकदम सरळ आहे, म्हणजे छाटलेलीच. पहिल्यावाल्यांनी व्हिडिओ द्यायचं टाळलं, 'अँटिक पीस आहे, शोभेला ठेवला तरी छान' असं उत्तर आलं.

तर ताचिहाराच घेतेय. आता लेन्स: १५० मिमी की २१०?

भिंगवाला:
इमारतींसाठी १५०. फक्त इमेज सर्कल (लेन्स मागे जेवढा गोल झाकते तो) बघून घ्या, राइज त्यावरच अवलंबून. ४×५ चा कर्ण साधारण १५० मिमी भरतो. जुनी टेसार लेन्स घेतलीत तर ती तेवढंच जेमतेम झाकेल आणि थोडं वर उचललंत की कोपरे काळे. निकॉर-डब्ल्यू किंवा श्नायडर सिमार-एस, दोन्ही १५० मिमी एफ/५.६, एफ/२२ ला साधारण २१० मिमीचं सर्कल देतात. श्नायडरमध्ये आतल्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर तिकडे दुर्लक्ष करा, तो काळा रंग सुटलेला असतो, फोटोत येत नाही. बुरशी किंवा काचांचा जोड सुटलेला असेल तर मात्र घेऊ नका.

शटर कोपाल असेल तर १ सेकंद आणि अर्धा सेकंद लावून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. हळू वेग अडखळत असले तर सर्व्हिसिंग लागणार. कोपालने ही शटरं बनवणं बंद केलंय, तेव्हा धड चालणारंच घ्या.

आणि लेन्स ठरवायच्या आधी हातातल्या बोर्डाचं भोक मोजा. कोपालच्या ० मापाच्या शटरला ३४.६ मिमी लागतं, १ मापाच्या शटरला ४१.६. वर सांगितलेल्या दोन्ही १५० च्या लेन्स कोपाल ० मध्ये येतात. भोक मोठं निघालं तर बोर्ड दुसरा घ्यावा लागेल.

पायवाट:
मोजायला सांगितलं. ३५ च्या आसपास म्हणतायत, पट्टीने मोजलंय. म्हणजे ० च असणार ना?

भिंगवाला:
हो, ० च. घ्या.