मदत हवी आहे: प्लाझ्मा इचरचा ऑटोमॅच नाचतोय, सॉलिड स्टेट घेऊ का?

अर्धवट_अभियंता
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थोडक्यात. आमच्या इचरचा (वेफर प्लाझ्माने कोरणारं मशीन) ऑटोमॅच, म्हणजे आरएफ जनरेटरची पॉवर प्लाझ्मात नीट जावी म्हणून मोटरने कपॅसिटर फिरवणारा डबा, नीट धरत नाही. सेट पॉवर १००० वॅट. रिफ्लेक्टेड (परत फिरणारी पॉवर) मध्येच २००-२५० वर उडी मारते, खाली येते, परत उडी. मोटरी सारख्या घरघरतात. व्हेंडर म्हणतो हा मॅच काढून टाका, मोटरऐवजी पिन डायोडच्या स्विचांनी कपॅसिटर बदलणारा सॉलिड स्टेट घ्या, मिलिसेकंदाच्या आत ट्यून होतो. किंमत ऐकून साहेब गप्प झालेत. कोणी वापरलाय का? घ्यावा का? शुक्रवारी कोटेशनवर सही आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चकली_वेफर
डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे. मॅच प्लाझ्मा पेटवणाऱ्या कॉइलचा की वेफर धरणाऱ्या चकच्या बायसचा? गॅस कोणते? प्रेशर किती? "नीट धरत नाही" म्हणजे प्लाझ्मा पेटतच नाही, की पेटून स्थिरावत नाही?

लहरीकाका
आधी केबलचा एन-टाइप कनेक्टर उघडून बघा. दहातल्या आठ वेळा तिथेच काळं झालेलं सापडतं. मी हौशी रेडिओवाला. माझ्या अँटेना ट्यूनरमध्ये कपॅसिटर १, २, ४, ८ अशा पटीत आहेत आणि प्रत्येकाला एकेक रिले. तुमच्या त्या "सॉलिड स्टेट"मध्ये रिलेच्या जागी डायोड बसवलाय, एवढंच. पैसे कसले मागतात त्याचे?

अर्धवट_अभियंता
१३.५६ मेगाहर्ट्झ, कॉइलचा मॅच. कनेक्टर बघितला, स्वच्छ आहे. डीप सिलिकॉन करतो आम्ही. घ्यावा की नाही ते सांगा ना.

चकली_वेफर
डीप सिलिकॉन! म्हणजे बॉश प्रोसेस. अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. एसएफ६ने खोदायचं, सी४एफ८ने भिंतींवर थर चढवायचा, पुन्हा एसएफ६. काही सेकंदांनी गॅस बदलतो आणि त्याबरोबर प्लाझ्माचा इम्पिडन्सही (आरएफला होणारा अडथळा). एका फेरीत १ मायक्रॉन धरला तर ३०० मायक्रॉन खोल जायला ३०० फेऱ्या, म्हणजे एका वेफरमागे सुमारे ६०० वेळा गॅसबदल. मोटरवाल्या मॅचला जागा शोधायला सेकंदभर सहज लागतं. तो नाचणारच.
आता एकच सांगा: उडी गॅस बदलतानाच येते का, की एसएफ६च्या पायरीत मधेच?

पिनकोड
+१. पण म्हणूनच सॉलिड स्टेट घ्या म्हणतो मी. याच धंद्यात आहे, परदेशात. लहरीकाका, रिले आणि पिन डायोड एक नव्हे. १३.५६ला एक आवर्तन ७४ नॅनोसेकंदांचं. पिन डायोडच्या मधल्या थरात साठलेला चार्ज काही मायक्रोसेकंद टिकतो. त्यामुळे थोडासा डीसी करंट सोडला की त्याच्या कितीतरी पट आरएफ करंट डायोड दोन्ही दिशांनी वाहू देतो, मध्येच बंद पडत नाही. बंद ठेवायचा तर उलट दिशेने काहीशे ते हजार व्होल्ट द्यायचे. मोटर नाही, कपॅसिटरमधला हलणारा बेलो (लवचिक नळी) नाही, झीज नाही. ही काही प्रयोगशाळेतली गंमत राहिलेली नाही. असे मॅच बनवणारी रेनो सब-सिस्टिम्स २०२२मध्ये नेदरलँड्सच्या एएसएमने विकत घेतली ती उगाच नाही.

जुनं_खोड
व्हेंडरची माणसं आली वाटतं धाग्यावर. मी सर्व्हिसवाला आहे, मोटरवाल्या मॅचमधल्या व्हॅक्यूम कपॅसिटरवर आयुष्य काढलंय. जरा हिशोब करू. कॉइल दीड मायक्रोहेन्री, प्लाझ्मासकट रोध २ ओहम धरा. १००० वॅटला करंट साडेबावीस अँपिअरच्या आसपास. जनरेटरच्या ५० ओहमला मॅच करायला शंटला (समांतर) साधारण ११५० पिकोफॅरड आणि सीरिजला (कॉइलच्या ओळीत) १०० पिकोफॅरड लागतात. शंटवर शिखर व्होल्टेज ३१६, तिथे डायोड मजेत बसेल. सीरिजवर? ३७०० व्होल्ट! तिथे लावा तुमचे डायोड. एक आर्क (ठिणगी) झाली की डायोड शॉर्ट, आणि पूर्ण बोर्ड बदला. व्हॅक्यूम कपॅसिटर अशा आर्क पचवतो.

पिनकोड
हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. सीरिजला डायोड लावायला सांगतंय कोण? सीरिज कपॅसिटर फिक्स ठेवा, डायोडची बँक फक्त शंटला, आणि उरलेलं काम जनरेटरच्या फ्रिक्वेन्सीवर सोडा. तुमच्याच आकड्यांत कॉइल १२८ ओहम, कपॅसिटर ११८. फ्रिक्वेन्सी ५ टक्के हलवली की एकूण रिअॅक्टन्स (कॉइल वजा कपॅसिटर) १२ ओहमनी हलते. २ ओहमच्या लोडला ही भरपूर झाली.

लहरीकाका
५ टक्के?? १३.५६च्या आजूबाजूला मोकळीक फक्त ±७ किलोहर्ट्झ. तुमचे ५ टक्के वर गेले की १४.२४ मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट आमच्या हौशी रेडिओच्या २० मीटर बँडच्या मध्यात! तरीच संध्याकाळी युरोपची स्टेशनं ऐकू येत नाहीत!

पिनकोड
काका, चेंबर आणि मॅच बॉक्स धातूत बंद असतात, केबल कोअॅक्सियल. गळती होत असेल तर ते वेगळं दुखणं.

लहरीकाका
गळती नाही असं प्रत्येकजण म्हणतो.

तळेगावकर
हे सगळं वाचून एकच वाटतं. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावात येणार म्हणून नाचलो, २०२२च्या सप्टेंबरात तो गुजरातला गेला. नाहीतर असे मॅच दुरुस्त करायला आमची पोरं इथेच मिळाली असती.

जुनं_खोड
आणि जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली, ते विसरलात? तिथे तरी कुठे फॅब (चिपचा कारखाना) उभी राहिली त्यांची?

चकली_वेफर
कृपया धाग्याचा काश्मीर करू नका, म्हणजे विषय राजकारणावर नेऊ नका. त्यासाठी वेगळा धागा काढा.

आईसाहेब_नाशिक
अवांतर प्रश्न, माफ करा. मुलगी बारावीला आहे. सेमीकंडक्टरसाठी इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं की कॉम्प्युटर? क्लासवाले म्हणतात कॉम्प्युटरच घ्या.

जुनं_खोड
ताई, फॅबमध्ये केमिकलवाले, फिजिक्सवाले, मेकॅनिकलवाले सगळे लागतात. व्हॅक्यूम पंप कॉम्प्युटरवाल्याने उघडलेला मी तरी पाहिला नाही.

अर्धवट_अभियंता
@चकली, हो, उडी गॅस बदलतानाच येते. दर पाच-सहा सेकंदांनी. पायरीच्या शेवटी १०-१५ वॅटवर येते. पण कधीकधी एसएफ६मध्ये मधेच थरथरल्यासारखीही होते.

चकली_वेफर
मग ही दोन दुखणी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.
गॅसबदलाच्या उडीसाठी आधी फुकटातलं करून बघा. आधी ऑटो चालूच ठेवा. एसएफ६ची पायरी लांबवून कपॅसिटर कुठे थांबतात ते लिहून घ्या, मग सी४एफ८चं. मग ऑटो बंद करून रेसिपीत प्रत्येक पायरीला ती जागा प्रीसेट म्हणून द्या म्हणजे मोटर सरळ तिथे जाईल, शोधत बसणार नाही. दोन्ही जागा जवळ असतील तर मधली एक जागा पकडून मोटर तिथेच ठेवा. दोन्हीकडे ३०-४० वॅट परत आले तरी १०००च्या मानाने किरकोळ. प्रत्येक फेरीत सारखेच येतील, ते महत्त्वाचं.
मधली थरथर मात्र मॅचची नसून प्लाझ्माची असू शकते. एसएफ६ इलेक्ट्रॉन गिळतो, त्यामुळे कॉइलवरचा प्लाझ्मा कधी मंद, कधी प्रखर अवस्थेत झुलतो, आणि ते झुलणं सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालतं. तिथे वेगवान मॅच मदत करेल किंवा झुल्याला आणखी झोका देईल. त्यावर पॉवर वाढवून किंवा प्रेशर कमी करून थरथर जाते का बघतात. म्हणून प्रेशर विचारत होते.

पिनकोड
मान्य. फक्त एक भर. कोटेशनवर सही करण्याआधी व्हेंडरला विचारा की कपॅसिटर बँक निव्वळ दुपटीची (१, २, ४, ८... अशी) आहे की मोठ्या पायऱ्या सारख्या मापाच्या आहेत. निव्वळ दुपटीत १२७वरून १२८वर जाताना आठही स्विच एकदम पलटतात. क्षणभर मॅच कुठेही असू शकतो, आणि डायोड मरायचे तर अशाच वेळी मरतात. शिवाय बँक पायऱ्यांनीच सरकते, त्यामुळे रिफ्लेक्टेड शून्य दिसेलच असं नाही. तुमच्याच सॅम्पल रेसिपीवर डेमो मागा. ५० ओहमच्या डमी लोडवर (प्लाझ्माच्या जागी नुसता रोध) दाखवतील, तो पाहून सही करू नका.

जुनं_खोड
हे मात्र पटलं.

अर्धवट_अभियंता
सर्वांचे आभार. प्रीसेट टाकतो. सही पुढे ढकलली. रच्याकने, जनरेटरच्या मेनूत फ्रिक्वेन्सी ट्यूनिंग दिसतंय, पण करड्या रंगात. पासवर्ड मागतो. कोणाला माहीत आहे का?

चकली_वेफर
इथे कोणी देणार नाही, आणि मिळाला तरी टाकू नका. सध्याच्या मॅचचा सेन्सर १३.५६लाच कॅलिब्रेट केलेला असेल तर फ्रिक्वेन्सी सरकली की त्याचं फेजचं वाचन बिघडतं, आणि मोटर व जनरेटर एकमेकांच्या मागे धावत बसतात. ट्यूनिंग चालू करायचं तर मोटर कुलूपबंद करून. व्हेंडरला लेखी विचारा.

लहरीकाका
आणि १४च्या खालीच ठेवायला सांगा.