दारू एकदम बंद केल्यावर जो त्रास होतो त्याला मराठीत काय म्हणायचं?

पलूसचा वाचक:
आमच्या ग्रामपंचायतीसाठी व्यसनावरचं एक माहितीपत्रक मराठीत करतोय, त्यात 'विथड्रॉवल'पाशी अडलोय. मी 'वियोगलक्षणे' लिहिलं तर बहिणीनं खोडून टाकलं. ती आशाताई आहे, म्हणाली गावात सरळ 'हात कापायला लागलेत' म्हणतात, तेच लिही. पण त्यात फक्त हातच येतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली की काही तासांत थरथर, घाम, झोप उडते, काहींना फिट येते, आणि 2-3 दिवसांनी भ्रम होऊन नसलेली माणसं दिसायला लागतात, यात जीवसुद्धा जातो. घरचे बाहेरचं लागलंय म्हणून देवरषाकडं नेतात. वाचल्या वाचल्या दवाखाना आठवेल असा शब्द पाहिजे.

मिरजकर:
टर्की! गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारे हाच शब्द वापरायचे.

सांगलीची लेक:
टर्की गर्दची हो, दारूला आमच्याकडं कुणी म्हणत नाही. आणि गर्द सोडताना माणूस तळमळतो खूप, पण सहसा त्यानं मरत नाही, दारूत मरू शकतो. दोन्हीला एकच शब्द दिला तर घोटाळा होईल.

कृष्णाकाठ:
'तलफ' आहे की आपला.

सांगलीची लेक:
तलफ म्हणजे ओढ, ती चहाचीपण येते. माझ्या चुलत्यांना तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसत होते, त्याला तलफ कसं म्हणू?

निवृत्त मास्तर, वाई:
तलफ बहुधा अरबी 'तलब'वरून आलेला असावा. चांगला संस्कृत शब्द घडवावा, उदा. 'विरामव्याधी'.

मिरजकर:
मास्तर, विराम म्हटल्यावर लोकांना पूर्णविराम आठवेल. गावच्या बाईला कळणार नाही तो शब्द काय कामाचा?

निवृत्त मास्तर, वाई:
'व्यसन' संस्कृतच आहे आणि तो गावोगाव कळतो. त्याचा जुना अर्थ संकट. मनुस्मृतीत राजाची कामातून येणारी 10 आणि क्रोधातून येणारी 8 व्यसनं सांगितलीत, त्यात मद्यपानाशेजारी शिकार आणि दिवसाची झोपही आहे.

कृष्णाकाठ:
म्हणूनच मला 'व्यसनी' खटकतो, राजाचा दुर्गुण आणि हा आजार एका पंगतीत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 1964 मध्येच 'अ‍ॅडिक्शन'ऐवजी 'डिपेन्डन्स' सुचवला, आपण 'अवलंबित्व' म्हणूया.

सांगलीची लेक:
पत्रकात 'दारू तुटल्याचा आजार' लिहा आणि खाली ठळक, घरी कोंडून ठेवू नका, डॉक्टरकडं न्या.

निवृत्त मास्तर, वाई:
'तुटणे' इथं योग्य वाटत नाही. नातं तुटतं, दारू सुटते.

कऱ्हाडची सून:
विषय निघालाय म्हणून, मिश्रीला तुमच्याकडं व्यसन म्हणतात का? तव्यावर भाजलेली तंबाखूच ती, पण सासूबाई म्हणतात मी फक्त दात घासते, आणि सकाळी नाही मिळाली तर डोकं धरून बसतात.

मिरजकर:
आमच्याकडं 'मशेरी'. मिश्री बरोबर का मशेरी?