ग्राफिक्स कार्ड: २५ हजारांत काय घ्यावं? (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

अस्मिता, सी-८०३: पार्थच्या पीसीला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. बजेट २५ हजार. सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ.

निनाद, बी-४०२: ताई, कार्डाआधी एसएमपीएसचं लेबल बघा. मोठ्या अक्षरातलं ४५० सोडून द्या. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत?

अस्मिता, सी-८०३: १८.

निनाद, बी-४०२: म्हणजे १२ × १८ = २१६ वॅट, बस. ३६०० प्रोसेसर पूर्ण लोडवर ८८ वॅटपर्यंत जातो, आणि तुमच्या बजेटातलं आरएक्स ६६०० कार्ड धरलं तर त्याला १३२ लागतात. दोघांतच २२० झाले, पंखे आणि डिस्क अजून बाकी. १६५० ला ७५ च्या आसपास लागतात म्हणून आतापर्यंत निभावलं. नवं कार्ड लावलं की गेम भरात आल्यावर पीसी रिस्टार्ट होईल आणि सगळे कार्डाला दोष देतील. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवत असल्याचं प्रमाणपत्र), चांगल्या कंपनीचा घ्या. चारेक हजार त्यासाठी बाजूला काढाच.

माधवकाका, ए-१०१: जुन्याच एसएमपीएसच्या मोलेक्सवरून (डिस्क-पंख्यांची चार पिनची जोडणी) कार्डासाठी ८ पिन करून देणारी वायर मिळते ना? तिने भागणार नाही?

रेवती, बी-११०४: नको काका. ८ पिनचं कनेक्टर १५० वॅटसाठी असतं. मोलेक्सच्या हलक्या वायरी आणि सैल पिना त्यात तापतात, प्लास्टिक वितळतं. आणखी एक: प्रोसेसरचीही ८ पिनची वायर असते, ती ४+४ अशी सुटते. कार्डाची ६+२. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत, त्यामुळे बसत नसेल तर जोर लावायचा नाही.

अस्मिता, सी-८०३: मग कार्डाला २१ उरले. दुकानदार इंटेल आर्क बी५८० सुचवतोय, १२ जीबी आहे म्हणून.

रेवती, बी-११०४: कार्ड उत्तम आहे, पण ३६०० सोबत नको. त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो आणि जुन्या प्रोसेसरवर फ्रेम घसरतात. शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर फारच मार खातं. पार्थ ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) वगैरे वापरतो का?

अस्मिता, सी-८०३: नाही, गेमच. व्हॅलोरंट, जीटीए ५, अधूनमधून नवे.

रेवती, बी-११०४: मग आरएक्स ६६००, ८ जीबी. ब्लेंडर असतं तर पैसे वाढवून आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं घ्या म्हटलं असतं. व्हॅलोरंटचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो, तिथे फार फरक दिसणार नाही. नव्या गेममध्ये दिसेल.

निनाद, बी-४०२: सहमत. स्वस्त म्हणून ६५०० एक्सटीकडे वळू नका. त्याला बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीच्या चारच लेन आहेत, बी४५० वर त्या जुन्या, संथ पीसीआयई ३ च्या वेगाने चालतात, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. ६६०० ला आठ लेन आहेत, तिथे नुकसान किरकोळ.

माधवकाका, ए-१०१: मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

रेवती, बी-११०४: जाण्याआधी कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत माप घ्या. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २४० मिमी, तीन पंख्यांची ३०० पर्यंत जातात.

निनाद, बी-४०२: बसवताना: इंटरनेट काढून सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) जुना एनव्हीडियाचा ड्रायव्हर साफ करा, मग पीसी बंद करून कार्ड बदला. स्लॉटची खिट्टी दाबल्याशिवाय जुनं कार्ड ओढू नका. मॉनिटरची वायर नव्या कार्डात लावा, बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये नाही, ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. रिसायझेबल बार चालू करायला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, बंद करावी लागते; त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची आहे ना ते बघा. जुनी एमबीआर मांडणी असेल तर विंडोज सुरूच होणार नाही.

अस्मिता, सी-८०३: माप आत्ताच घेतलं, २६५ मिमी.

निनाद, बी-४०२: मग दोन पंख्यांचं आरामात बसेल.