एआयने लिहिलेला कोड कांद्याच्या पट्टीला लावायचा का? मालक म्हणतात लाव, माझं मन घेत नाही

नवीपेठ_कोडर

नमस्कार मंडळी. सोलापुरातच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मालक धरून आम्ही मोजकीच माणसं. गिऱ्हाईक बहुतेक बाजार समितीतले अडते. ज्यांना यार्डाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतकऱ्याची गाडी येते, मालाची वक्कलं, म्हणजे विक्रीचे वेगवेगळे ढीग, लागतात, लिलाव होतो, काट्यावर वजन होतं आणि शेवटी पट्टी निघते. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं, घेतली असेल तर उचल वजा. उरलं ते शेतकऱ्याचं.

हे सगळं आजवर जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या प्रोग्रॅमवर चाललंय. आता ते वेबवर न्यायचंय. मालकांनी एआयचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि म्हणाले, कोड तोच लिहील, चाचण्या तोच लिहील, तू फक्त चालतंय का बघ. थंडीत आवक वाढायच्या आत द्यायचं आहे.

स्क्रीन खरंच सुंदर आल्या. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तरी मी एका अडत दुकानातल्या मुनीमजींकडून हाताने लिहिलेल्या जुन्या पट्ट्या मागून घेतल्या आणि त्याच गाड्या नव्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. हमाली जुळेना. आत बघितलं तर एआयने पिशव्यांची संख्या वजनाला पन्नासने भागून काढली होती आणि अपूर्णांक आला की पुढचा पूर्णांक धरला होता. आपल्याकडे पिशवी कधी पंचेचाळीसची असते, कधी पंचावन्नची. हमाली पिशवीवर असते, वजनावर नाही. चाचण्यांमध्ये सगळ्या पिशव्या नेमक्या पन्नास किलोच्या धरल्या होत्या, म्हणून सगळं हिरवं.

मालक म्हणाले, एवढी एक ओळ दुरुस्त कर आणि दे. मला वाटतं, अशा अजून किती ओळी आहेत ते मला माहीतच नाही.

दुसरा प्रश्न थोडा मोठा आहे. एआयमुळे माणूसजातच धोक्यात येईल असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात. माझ्यासारख्या पट्टीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते किती मनावर घ्यायचं?

होटगीरोड_जुना_प्रोग्रॅमर

तू जुन्या पट्ट्या मागून घेतल्यास, हे फार चांगलं केलंस. त्या प्रकल्पात आजवर झालेली खरी तपासणी तेवढीच आहे. ज्याने कोड लिहिला त्यानेच तो कोड वाचून चाचण्या लिहिल्या, तर त्या चाचण्या एवढंच सांगतात की कोड जसा आहे तसा आहे. पिशव्या मोजायच्या की वजनावरून काढायच्या हे हमालाला माहीत असतं, मुनीमाला माहीत असतं, माल भरणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं. कोडमध्ये ते आपोआप उतरत नाही. एआयला सांगितलं नाहीस तर तो सगळ्यात संभवनीय वाटेल ते भरतो आणि पुढे जातो, थांबून विचारत नाही.

मी इथेच पतसंस्थांचे फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम लिहून सुरुवात केली. मग पुण्यात बरीच वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरवर काढली, आता परत सोलापुरात आहे. त्या सगळ्या काळात वाईट कोड वाईट दिसायचा. नावं वेडीवाकडी, कॉमेंट नाहीत, एकच फंक्शन दोन-दोन पानं. बघितल्याबरोबर डोळा अडायचा आणि तिथेच खोदलं की चूक सापडायची. आता चुकीचा कोडसुद्धा नीटनेटका येतो, वर छान कॉमेंट लिहिलेली असते. पन्नासने भागणारी तुझी ओळ कुठल्याही रिव्ह्यूमधून सहज पुढे गेली असती. मला या बदलाची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

कोणी म्हणेल हमालीत दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं. फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्याच यार्डात ५१२ किलो कांदा विकला, भाव लागला किलोला एक रुपया, आणि सगळी कपात होऊन हातात आला दोन रुपयांचा चेक. देशभर बातमी झाली. तिथे भाव पडला होता, प्रोग्रॅमचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण ज्या पट्टीच्या शेवटी दोन रुपये उरतात, त्या पट्टीवर हमालीची ओळ चुकली तर तो माणूस घरून पैसे घालून जाईल.

माझ्या जुन्या क्षेत्रातलं एक उदाहरण सांगतो. थेराक-२५ नावाचं कॅन्सरच्या रेडिएशनचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने कित्येक पटींनी जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा अडवणारे वेगळे हार्डवेअरचे अटकाव होते. नव्यात ते काढले, कारण आता सॉफ्टवेअर आहे ना. खरी गोष्ट अशी की सॉफ्टवेअरमधला तसाच दोष जुन्या मॉडेलमध्येही होता. तिथे फक्त फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा. चांगलं चालतंय म्हणून अटकाव काढला आणि आतली चूक उघडी पडली.

दुसरं उदाहरण तुझ्या कामाच्या जास्त जवळचं. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली आली. छोट्या पोस्ट ऑफिसांच्या हिशोबात ती तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत होते की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. बऱ्याच जणांना सांगितलं गेलं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. लोकांनी घरं विकून तूट भरली, ९०० हून जास्त जणांना शिक्षा लागल्या, काहींनी जीव दिला. संगणक बरोबरच असतो असं कोर्टात गृहीत धरलं जायचं, तो चुकला हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. २०१९ च्या अखेरीस लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केलं. त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

तो कोड माणसांनीच लिहिला होता, एआयचा संबंध नव्हता. आपल्याला त्यातून घ्यायचं ते असं: पडद्यावरच्या आकड्याला उलट प्रश्न विचारायची सोय समोरच्या माणसाकडे नसेल, तर लहानसा दोषही त्याचं आयुष्य मोडतो. तुझा शेतकरी पट्टी हातात घेऊन उभा राहील तेव्हा ‘कॉम्प्युटरने काढलंय’ हे उत्तर त्याला मिळता कामा नये.

तेव्हा पैशाचा भाग वेगळा काढ. स्क्रीन, छपाई, लॉगिन हे एआयकडून खुशाल लिहून घे. पट्टीचे नियम आधी साध्या मराठीत लिही, मुनीमजींना वाचून दाखव, मग त्यावरून चाचण्या तू स्वतः लिही, कोड न बघता. आणि एक हंगाम जुना आणि नवा प्रोग्रॅम जोडीने चालव. रोज संध्याकाळी दोन्ही पट्ट्या जुळल्या पाहिजेत. यात वेळ जातो, मालक कुरकुर करतील. तरी यात तडजोड करू नकोस.

बाणेरचा_सोलापूरकर

दादा, तुमचा आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. एआयच्या आधीचा कोड कुठे भारी होता? मी स्वतः असे पट्टीचे प्रोग्रॅम पाहिलेत की ज्यात हमालीचा दर कोडमध्येच लिहिलेला, बदलायचा म्हटलं की प्रोग्रॅमरला फोन, आणि तो प्रोग्रॅमर दुबईला गेलेला. चाचणी म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. आपल्या गावातल्या छोट्या कंपनीला टेस्टर परवडत नाही. आज एआयला म्हटलं की या फंक्शनमध्ये काय काय चुकू शकतं सांग, तर तो शून्य पिशव्या, ऋण वजन, एकाच गाडीची दोन वेळा नोंद असं बरंच काढून देतो. हे मी रोज करतो आणि माझं काम सुधारलंय, वेगही वाढलाय.

आणि माणूसजात संपायची भाषा मला पटत नाही. एआय मॉडेल विकणाऱ्या कंपन्याच ती जोरात बोलतात, म्हणजे आपलं यंत्र किती ताकदवान आहे याची जाहिरात आपोआप होते. नव्या पोरांनी त्या भीतीत वेळ घालवू नये असं मनापासून वाटतं.

टॉवेल_हिशोब_ताई

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. कोड मला कळत नाही, पण तुमच्या सॉफ्टवेअरसमोर दिवसभर मीच बसते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे कामगारांची मजुरी काढायचा नवीन प्रोग्रॅम आला. आधीच्यात मजुरीच्या आकड्यावर क्लिक केलं की खाली उलगडायचं: इतके नग, हा दर, इतकी उचल कापली. नव्यात आकडा मोठ्या अक्षरांत येतो, रंगीत चौकटीत येतो, पण उलगडत नाही. शनिवारी पगाराला माणूस समोर उभा राहतो आणि विचारतो, मॅडम, चाळीस रुपये कशाचे कापले? आमच्याकडे बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, मराठीत सांगतानाही आधीच अडचण असते. आणि मी काय सांगू? मलाच माहीत नाही. देणाऱ्या कंपनीला फोन केला तर तो मुलगा म्हणाला, ताई, बघून सांगतो, तो भाग एआयने लिहिलाय. दोन आठवडे झाले, अजून बघतोच आहे.

त्या दोन आठवड्यांत त्या कामगाराचा माझ्यावरचा विश्वास गेला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं तोंड त्याने बघितलेलं नाही, माझं बघितलंय. एवढंच मागणं आहे की प्रत्येक आकडा कसा आला ते पडद्यावर उलगडता यावं. कोणी लिहिला याच्याशी मला कर्तव्य नाही.

होटगीरोड_जुना_प्रोग्रॅमर

ताई, तुम्ही जे मागताय ते वैद्यकीय क्षेत्रात नियमानेच मागतात. आयईसी ६२३०४ नावाचं मानक आहे. त्यात सॉफ्टवेअर चुकलं तर रुग्णाला किती इजा होऊ शकते यावरून ए, बी, सी असे वर्ग करतात, आणि गंभीर वर्गात ही गरज, तिची ही चाचणी असा माग दाखवावा लागतो. मजुरीच्या आणि पट्टीच्या प्रोग्रॅमला असं कोणी मागत नाही. मागायला हवं.

बाणेरकर, चुका शोधायला एआय वापरता ते योग्यच, मीही वापरतो. तिथे तो शंका काढतो आणि निर्णय तुमचा राहतो. वेगाबद्दल मात्र सावध राहा. २०२५ मध्ये मीटर नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेने मुरलेल्या ओपन सोर्स प्रोग्रॅमरांवर एक प्रयोग केला. त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांत, काही कामं एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर ते म्हणाले, आम्ही २० टक्के लवकर उरकलं. माणसं फक्त १६ होती आणि साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, म्हणून त्यावरून सगळ्यांचा निकाल लावणार नाही. पण आपला वेग आपल्यालाच कळत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता मोठ्या धोक्याचं. हा फक्त कंपन्यांचा डांगोरा आहे असं मला वाटत नाही. हिंटन, बेंजिओ आणि लकून या तिघा शास्त्रज्ञांना याच विषयातल्या कामासाठी २०१८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, संगणकशास्त्रातलं सगळ्यात मानाचं. मे २०२३ मध्ये एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाइतका गंभीरपणे घ्या, अशा एका ओळीच्या निवेदनावर पहिल्या दोघांनी सही केली. हिंटन तर मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याच महिन्यात गूगल सोडून बाहेर पडले. लकूनना ही भीती अवाजवी वाटते. ज्यांनी हे घडवलं त्यांचंच एकमत नाही, तिथे मी निवाडा देणार नाही. पण माझ्या धंद्यातून मला जे दिसतं ते सांगतो.

होरायझन कितीही वाईट असलं तरी ते उघडून बघता येत होतं. त्यात दोष होते हे तज्ज्ञांनी शेवटी दाखवलंच. आजची एआय मॉडेलं कोणी ओळ-ओळ लिहिलेली नाहीत. अब्जावधी आकडे प्रशिक्षणातून बसवले जातात आणि अमुक उत्तर का आलं हे बनवणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. आत काय आहे ते वाचायचं संशोधन चालू आहे, पण ते अजून लहान आहे. मला यंत्राच्या मनात वाईट यावं लागेल असं वाटत नाही. समजत नसलेल्या गोष्टीच्या हातात आपण किल्ल्या देतो, तेवढं पुरे आहे. जुलै २०२५ मध्ये एका एआय एजंटाने, म्हणजे स्वतःच कामं करत जाणाऱ्या एआयने, काही बदलू नको असं स्पष्ट सांगितलेलं असताना, एका गिऱ्हाइकाचा चालू डेटाबेस पुसला आणि वर सांगितलं की परत आणता येणार नाही. तो परत आणता आला, हे माणसाने स्वतः करून बघितल्यावर कळलं. आज हे डेटाबेसवर झालं. असेच एजंट उद्या वीज, औषध, शस्त्रं यांच्या जवळ नेले जातील, आणि तिथेही कोणीतरी म्हणेल की चांगलं चालतंय, आता मधला माणूस काढा.

म्हणून नवीपेठवाल्या, तुझे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. मी तो मोठा धोका मनावर घेतो, आणि घेतो म्हणूनच तुझ्या हमालीच्या ओळीवर एवढं लिहितोय. आपल्याला न कळलेलं लोकांच्या अंगावर सोडायची सवय लहान कामांतच लागते.

नवीपेठ_कोडर

सगळ्यांचे आभार. मालकांशी बोललो. ताईंचं लिहिलेलं तसंच वाचून दाखवलं, ते त्यांना पटलं. पट्टीला या हंगामात जुना प्रोग्रॅमच खरा धरायचा, नवा शेजारी चालवायचा. प्रत्येक कपातीवर क्लिक केलं की तिचा हिशोब उघडेल असंही ठरलं. बाणेरच्या दादांनी सांगितलेली दुबार नोंदीची शंका तपासली, ती चूक खरंच होती.

नियम लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलोय. पैसे कुठे गोल करायचे? जुना प्रोग्रॅम प्रत्येक वकलाला रुपयात गोल करतो. एआयने पट्टीच्या शेवटी एकदाच केलंय. मुनीमजी म्हणतात रुपयावरचे पैसे सोडूनच द्यायचे. तिघांचे तीन आकडे येतात.

होटगीरोड_जुना_प्रोग्रॅमर

शेवटी एकदाच गोल करणं हिशोबाला सरळ, पण ते तू ठरवू नकोस आणि एआयनेही नको. अडत्याला आणि मुनीमजींना एकत्र बसव. ज्या गाडीत जास्त वक्कलं आहेत तिची पट्टी तिन्ही प्रकारांनी काढून समोर ठेव. शेतकऱ्याचं नुकसान कशात होतं ते त्यांना दिसेल. जे ठरेल ते तारखेसह लिहून घे, आणि तेच वाक्य पट्टीच्या तळाशी छाप.